नव्या वर्षाचं स्वागत आणि तीन आठवड्यांचा हिशेब

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली ती परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवणं महाविद्यालयांकडे. नव्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध नोंदणीपुरता आणि समारंभ एकच, शेवटचा, पदवीदानाचा. वर्षारंभाचं स्वागत पुढेही बराच काळ संस्थेने अंगावर घेतलं नाही. ते वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती राहिलं, आणि त्याचं वसतिगृहांत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरल्यास पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. 2009 च्या देशव्यापी नियमांतलं दरवर्षीचं विद्यार्थी-पालकांचं प्रतिज्ञापत्र लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच नियमांत स्वागताची रीतही आहे, ती मात्र फारशी वाचली जात नाही. नवागतांचे छोटे गट पाडायचे, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे द्यायचा, शिक्षकाने रोज प्रत्येकाशी बोलायचं. जुने विद्यार्थी आले की दोघांचं एकत्र समुपदेशन. शिक्षकांनी शक्यतो वसतिगृहाच्या मेसमध्ये मुलांबरोबर जेवायचं, हेही त्यात आहे.

खरा वाद 2017 चा. तंत्रशिक्षणाच्या नियामकाने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सांगितला आणि नियमित तासिका त्यानंतरच, असं म्हटलं. व्यायाम, कला, मूल्यांवरच्या गटचर्चा, परिसरभेटी, विभागाची ओळख असा तो बेत. 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने तीच कल्पना सर्व विद्याशाखांकडे आली.

कल्पनेला क्वचितच कोणी विरोध केला. अडलं ते दिवसांवर. शिक्षकांच्या सेवाशर्तींत वर्षाचे 52 आठवडे आधीच वाटलेले: प्रत्यक्ष अध्यापनाचे 30, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने 180 दिवस, प्रवेश, परीक्षा, क्रीडा वगैरेंना 12, दीर्घ सुट्ट्या 8, सार्वजनिक सुट्ट्या 2. मग हे तीन आठवडे कोणत्या खात्यातून काढायचे? अध्यापनातून काढले तर सत्राच्या 90 दिवसांतले 18 गेले, म्हणजे पाचवा हिस्सा. बारांतून काढावेत, तर दोन सत्रपरीक्षा आणि प्रवेशांनीच ते भरलेले असतात. ज्यांनी वेळापत्रक एकदा तरी आखलं आहे त्यांना हा प्रश्न कागदावरच दिसला असता.

माणसांचा हिशेबही तसाच. साधारण 20 मुलांमागे एक मार्गदर्शक धरला, तर 420 च्या प्रवेशक्षमतेला 21 शिक्षक लागतात, तेही रोज. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग तोवर सुरू झालेले असतात आणि शिक्षक तेच. साहजिकच आधी गटचर्चा गळतात, मग परिसरभेटी. उरतात सभागृहातली भाषणं, कारण तिथे एक वक्ता आणि एक माइक पुरतो. तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात ते असे, आणि अहवालात मात्र सगळे घटक ‘पूर्ण’.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून येणारी मुलं तर या तीन दिवसांनाही मुकतात. ओळखपत्र, प्रयोगशाळेची तुकडी, ग्रंथालयाचं कार्ड ही कामं ती आल्या दिवशी एकटीने उरकतात. शेवटच्या फेरीनंतर निदान एक दिवस पुन्हा ठेवावा, एवढं सोपं कलमही वेळापत्रकांत सहसा नसतं.

महासाथीने घडी आणखी विस्कटली. 2020 मध्ये प्रथम वर्षाच्या वर्गांसाठी 1 नोव्हेंबर, तर 2021 मध्ये 1 ऑक्टोबर ही तारीख सुचवली गेली. पहिल्या तुकडीचं स्वागत बहुतेक ठिकाणी स्क्रीनवरच झालं, आणि वसतिगृहात ती उशिरा पोहोचली तेव्हा कागदोपत्री ‘नवी’ राहिली नव्हती. आता 2024 पासून तयारी असलेल्या विद्यापीठांना जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे दोनदा प्रवेश देण्याची मुभा आहे. जानेवारीत येणाऱ्यांसाठीचे दिवस कोणत्या खात्यातून काढायचे, हा प्रश्न पुन्हा त्याच 52 आठवड्यांशी येऊन थांबतो.