अमोनियाची नळी टांगली, आकडाही आला. मग तक्रार परत का येते?

पहाटे खिडकी उघडली की नाक चुरचुरतं, म्हणून गच्चीवर स्वस्तातली सॅम्पलर नळी (हवेतला अमोनिया टिपणारी) टांगायची आणि तिचा आकडा जोडून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची. वडोदऱ्यात औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्या कुणालाही हे करता येतं. घर स्वतःचं असण्याची गरज नाही, वास कोणत्या कारखान्याचा हे सिद्ध करण्याचीही नाही. नाव-पत्ता, जागेचा नकाशा, फोटो, झालं. नळी विजेच्या खांबावर टांगायची असेल तर मात्र खांब ज्यांचा त्यांची परवानगी घ्या.

घोडं अडतं ते आकड्यावर. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत अमोनियाची मर्यादा २४ तासांसाठी ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि वर्षासाठी १००. नळी दोन ते चार आठवडे लटकते आणि त्या सगळ्या काळाची मिळून एकच सरासरी देते. पहाटेचा तासभराचा झोत तीत विरून जातो. ही सरासरी ना २४ तासांची, ना वर्षाची. त्यामुळे ‘१३० आले, मर्यादा ओलांडली’ असं लिहिलं की अधिकारी एका ओळीत अर्ज निकाली काढतो, आणि इथे त्याचं चुकत नाही. वर्षाची सरासरीसुद्धा आठवड्यातून दोनदा, अशा किमान १०४ दिवसांच्या २४ तासी मोजण्यांवरून काढायची असते. अहवाल पीपीबीत (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) असेल तर आणखी घोळ: २५ अंश तापमानाला अमोनियाचा १ पीपीबी म्हणजे साधारण ०.७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पीपीबीचा आकडा तसाच उतरवला तर तक्रार फुगलेली दिसते.

म्हणून अर्जात ‘उल्लंघन’ हा शब्दच नको. ‘या जागी अमोनिया जास्त दिसतो, मंडळाने स्वतः येऊन मोजावं’ एवढीच मागणी करा. सोबत वास आल्याच्या तारखा, वेळा आणि वाऱ्याची दिशा द्या. त्याच तारखांना वसाहतीपासून लांब, समजा कारेलीबागेतल्या मावशीच्या गच्चीवरही नळी टांगली असेल तर तो आकडा जरूर जोडा. दोन्हींतला फरक बोलका असतो.

जवळजवळ कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे कोऱ्या नळीचा अहवाल. नळीत सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लात भिजवलेला कागद असतो. हवेतला अमोनिया त्यावर अमोनियम होऊन बसतो. प्रयोगशाळा तो पाण्यात उतरवते, रसायनं घालते आणि आलेल्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजते. पण अमोनिया घामात आणि श्वासातही असतो. झाकण बदलताना बोट लागलं तरी आकडा चढतो. त्यामुळे एक कोरी नळी सगळीकडे बरोबर न्यायची, उघडायची मात्र नाही, आणि तीही तपासायला द्यायची. प्रत्येक जागी दोन-तीन नळ्या लावा, उघडल्या-बंद केल्याची तारीख-वेळ लगेच लिहा. बाथरूमची जाळी, कबुतरांचा कोपरा, युरिया घातलेल्या कुंड्या यांच्यापासून लांब टांगा. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारून भागत नाही. बाहेरच्या हवेतला अमोनिया त्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते पाहा.

मंडळाची जुनी मोजमापं हवीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातेत त्याचं शुल्क २० रुपये आहे. केंद्राच्या सवयीने १० भरणाऱ्यांचे अर्ज अडकतात. आणखी एक, खास वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी लोकांसाठी: कायद्यात हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा आहेत. दांडिया बाजारात मराठी चालते, या अर्जात नाही.

तक्रार दिली की आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठाकडे जायची वेळ आली, तर वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिने मोजतात. मंडळाचं उत्तर आल्या दिवसापासून नव्हे! इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. वर ६० दिवस मिळू शकतात, पण उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं. ‘साहेब आज-उद्या करत होते’ याच्या भरवशावर राहू नका.