मिश्र सरफॅक्टंट : अशुद्धीपासून आंतरक्रियेपर्यंत

साबणासारख्या, पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थांना सरफॅक्टंट म्हणतात. साबणाच्या द्रावणात रेणूंचे पुंजके तयार होत असावेत, ही कल्पना मॅकबेन यांनी 1913 मध्ये मांडली. हे पुंजके, म्हणजेच मिसेल, ज्या संहतीला (द्रावणातील प्रमाणाला) बनू लागतात तिथपर्यंत पृष्ठताण उतरत जावा आणि पुढे जवळजवळ स्थिर राहावा, अशी अपेक्षा असते. सोडियम डोडेसिल सल्फेट या सरफॅक्टंटच्या संहती-पृष्ठताण आलेखात मात्र या संहतीच्या आसपास खळगा दिसे. पृष्ठताण तळाला जाऊन पुन्हा चढे. पृष्ठताण आणि पृष्ठभागावर जमणारे रेणू यांचा संबंध सांगणाऱ्या गिब्ज यांच्या समीकरणाशी शुद्ध पदार्थाची अशी वागणूक जुळणारी नव्हती.

माइल्स आणि शेडलोव्स्की यांनी 1944 मध्ये या खळग्याचा संबंध अशुद्धीशी जोडला. सल्फेटचे जलीय विघटन होऊन सुटणारे डोडेकॅनॉल हे अल्कोहोल विद्युतभाररहित असल्याने, सल्फेट रेणूंच्या एकमेकांना दूर लोटणाऱ्या ऋणभारित शीर्षांच्या मधे सहज शिरते आणि अत्यल्प असूनही पृष्ठताण बराच खाली आणते. मिसेल तयार झाली की तेच त्यांच्यात सामावून पृष्ठभाग सोडते व ताण पुन्हा वाढतो. मिश्रणांचे सारे शास्त्र या खळग्यात बीजरूपाने होते, असे म्हणायला हरकत नाही.

लांगे आणि शिनोदा यांनी 1950 च्या दशकात मिश्र मिसेलांचे गणित मांडले. क्लिंट यांच्या 1975 च्या आदर्श मिश्रणाच्या सूत्रात 8 आणि 0.08 मिलिमोल प्रतिलिटर अशा क्रांतिक संहतीचे (म्हणजे मिसेल जिथे बनू लागतात त्या संहतीचे) दोन घटक समप्रमाणात घातले, तर उत्तर सुमारे 0.16 येते; म्हणजे कमी संहतीचा घटकच वर्चस्व गाजवतो. पण ऋणभारित आणि धनभारित घटक एकत्र आले की मोजलेली संहती या उत्तराच्या कितीतरी खाली जाते. ही तफावत रुबिंग यांनी 1979 मध्ये नियमित द्रावणाच्या सिद्धांतावरून घेतलेल्या, घटकांमधील आंतरक्रिया दाखवणाऱ्या बीटा या एकाच गुणांकात बसवली. समान भाराच्या घटकांसाठी तो शून्याजवळ असतो, तर विरुद्ध भारांसाठी ठळकपणे ऋण, म्हणजे आकर्षण दाखवणारा. रोझेन आणि हुआ यांनी 1982 मध्ये हीच रीत पृष्ठभागावरील थराला लावली.

सोय मोठी असली तरी या गुणांकावर फार भिस्त ठेवू नये. मिश्रणाची अतिरिक्त एंट्रॉपी (आदर्श मिश्रणापेक्षा जास्तीची अव्यवस्था) शून्य असते हे त्यामागचे गृहीतक उष्णतामापनाच्या प्रयोगांत नेहमी टिकत नाही, आणि घटकांचे प्रमाण बदलले की बीटाही अनेकदा बदलतो. पुढे पृष्ठभागावरून परतणारे न्यूट्रॉन मोजणाऱ्या न्यूट्रॉन परावर्तनाच्या तंत्रात एका घटकातील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घालून, थरात कोणता घटक किती आहे हे पृष्ठताणाचा आधार न घेता थेट मोजता येऊ लागले.