अपव्यापार, स्त्रियांचा : मानवी हक्कांचा दृष्टिकोन

स्त्रियांच्या खरेदी-विक्रीला केवळ गुन्हा किंवा अनीती न मानता त्या स्त्रीच्या हक्कांचा भंग मानणारी आणि सुटकेचे उपायही त्याच कसोटीवर तपासणारी विचारपद्धती. संविधानाच्या मराठी पाठात (अनुच्छेद २३) ‘माणसांचा अपव्यापार’ असे शब्द आहेत. पोलीस ‘अनैतिक मानवी वाहतूक’ म्हणतात, वृत्तपत्रांत ‘तस्करी’ रुळला आहे. ‘तस्करी’ने सरहद्द ओलांडल्याचा भास होतो, अपव्यापाराच्या व्याख्येत तशी अट नाही.

या दृष्टिकोनाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो १९०४ च्या पॅरिस करारापर्यंत नेतात. पण त्या कराराचा विषय ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’, म्हणजे गोऱ्या स्त्रियांना वेश्याव्यवसायासाठी नेणे, एवढाच होता. १९४९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मानवी प्रतिष्ठेचा उल्लेख आहे, मात्र तेथे वेश्याव्यवसाय आणि अपव्यापार एकाच मापाने मोजले गेले. कृती (भरती, नेआण), साधन (बळजबरी, फसवणूक) आणि हेतू (शोषण) अशी तीन अंगांची व्याख्या अपव्यापाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या पूरक कराराने, म्हणजे २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलने दिली. बळजबरी, फसवणूक किंवा अगतिकतेचा गैरफायदा सिद्ध झाल्यास स्त्रीची संमती गैरलागू ठरते. बालकांबाबत साधन सिद्ध करावेच लागत नाही. ‘इतरांच्या वेश्याव्यवसायाचे शोषण’ म्हणजे काय, हे मात्र मुद्दाम मोकळे ठेवले गेले, कारण व्हिएन्नातील वाटाघाटींत स्त्री-संघटनांचेच दोन तट पडले होते. शिवाय हा प्रोटोकॉल संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कराराला जोडलेला. पीडितेच्या संरक्षणाची त्यातील कलमे बरीचशी ऐच्छिक भाषेत आहेत. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी २००२ मध्ये मांडलेली तत्त्वे हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पीडितेला कोंडू नये, तिच्यावर खटला भरू नये आणि साक्ष देण्याच्या अटीवर मदत देऊ नये, असे ती सांगतात.

भारताने पालेर्मो प्रोटोकॉलला २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ च्या कलम १७ नुसार सोडवलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. सुटका आणि कोठडी यांतील अंतर येथे पुसले जाते, आणि ज्या स्त्रीसाठी कायदा केला तिलाच ते सोसावे लागते. १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यागृहांवरील छाप्यांत सुटलेल्या शेकडो मुलींपैकी नेपाळी मुलींना मायदेशी परतण्यासाठी काही महिने ताटकळावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना वसतिगृहातून मुक्त करताना, वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे स्पष्ट केले.