अंताक्या: ‘सार्वमत’ या शब्दामागचा उन्हाळा

मराठी बायबलमध्ये ज्याला अंत्युखिया म्हटले आहे, ते आजचे अंताक्या. तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाला, असी नदीच्या काठी, सीरियाच्या सीमेला अगदी खेटून. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथे मिळाले, म्हणून यात्रेकरू डोंगरातली, येशूचा शिष्य पेत्र याची गुहा पाहायला येतात. २०२३ च्या भूकंपापर्यंत जुन्या गावात मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च आणि ज्यूंचे सिनेगॉग एकाच पायी फेरीत पाहून होत. पर्यटनाच्या पत्रकांत याला ‘सलोख्याचे शहर’ म्हणत. हा सलोखा खोटा नव्हता. पण तो मूठभर घरांवर का येऊन ठेपला, याचे उत्तर पहिल्या शतकात नाही. ते १९३६ ते १९३९ या चार वर्षांत आहे, ज्यांच्या शेवटी हे शहर ‘सार्वमताने’ तुर्कस्तानात गेले असे सांगितले जाते.

त्याआधीचे थोडक्यात. इ.स.पू. ३०० मध्ये अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस याने हे शहर वसवले, तेही चंद्रगुप्त मौर्याकडून मिळालेल्या हत्तींच्या बळावर मोठी लढाई जिंकल्यानंतर वर्षभरात. इ.स. ५२६ च्या भूकंपात अडीच-तीन लाख माणसे गेल्याचे तेव्हाचे लेखक सांगतात. १२६८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी शहर लुटले, आणि पुढे इथले ख्रिस्ती धर्मपीठ दमास्कसला गेले. आज पाच वेगवेगळ्या चर्चचे प्रमुख ‘अंत्युखियाचे पॅट्रिआर्क’ (सर्वोच्च धर्मगुरू) ही पदवी लावतात. तिघे दमास्कसचे, दोघे लेबनॉनचे. अंताक्यात एकही नाही. केरळमधल्या सीरियन ख्रिस्ती मंडळींच्या जुन्या कोर्टकज्ज्यात ज्या ‘अंत्योख्या’चे नाव सारखे येते, तिथला कारभारही दमास्कसहूनच चालतो.

आता मूळ मुद्दा. पहिल्या महायुद्धानंतर अंताक्याभोवतीचा हा प्रदेश सीरियाबरोबर फ्रेंचांच्या ताब्यात आला. तुर्की भाषकांची संख्या लक्षात घेऊन १९२१ च्या करारात त्याला वेगळी व्यवस्था मिळाली. १९३६ मध्ये सीरियाच्या स्वातंत्र्याची बोलणी सुरू झाली तेव्हा अंकाराने, म्हणजे तुर्की सरकारने, हा भाग मागितला. फ्रेंचांच्याच त्या वर्षीच्या गणतीत तुर्क साधारण ३९ टक्के होते: सर्वांत मोठा गट, पण बहुमत नव्हे. अलावी (शिया परंपरेतून निघालेला पंथ) २८ टक्के, उरलेले आर्मेनियन, सुन्नी अरब आणि इतर ख्रिस्ती.

प्रकरण राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) गेले. ठरले असे की प्रत्येक मतदाराने आपला ‘समाज’ नोंदवायचा आणि त्या आकड्यांवर विधानसभेच्या जागा वाटायच्या. घोळ इथेच होता. अरबी बोलणाऱ्या ऑर्थोडॉक्स माणसाने ‘अरब’ लिहायचे की ‘ग्रीक ऑर्थोडॉक्स’? अलावी माणूस घरी अरबी बोलत असला तरी त्याचा रकाना वेगळा. म्हणजे अरबी भाषक तीन रकान्यांत विभागले गेले आणि तुर्कांचा रकाना एकसंध राहिला. १९३८ च्या जूनमध्ये राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांनी नोंदणी अर्धवट सोडली, जुलैमध्ये तुर्की सैन्य आत आले, आणि फ्रेंचांच्या साथीने उरलेली नोंदणी उरकली गेली. निकाल: ४० पैकी २२ जागा तुर्कांना. दोन वर्षांपूर्वीच्या ३९ टक्क्यांशी हा आकडा जुळत नाही, आणि तो जुळवून दाखवणारे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही.

त्या सप्टेंबरात ‘हताय’ नावाचे छोटे राज्य जाहीर झाले. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याच विधानसभेने तुर्कस्तानात सामील होण्याचा ठराव केला. प्रवासमार्गदर्शिकांत आणि विश्वकोशी नोंदींत सर्रास लिहिलेले असते की ‘सार्वमतानंतर’ हताय तुर्कस्तानात गेले. सार्वमत म्हणजे प्रत्येकाला विचारलेला थेट प्रश्न, आणि तसा प्रश्न कुणाला विचारला गेला नाही. ठरावाला सार्वमत म्हणणे ही साधी शब्दचूक नव्हे. ज्यांना विचारलेच नाही, त्यांची संमती तिने गृहीत धरली जाते. सीरियाच्या प्रदेशाचा कुठलाही भाग परकीय सत्तेला द्यायचा नाही, असे राष्ट्रसंघाने फ्रेंचांना दिलेल्या कारभाराच्या अधिकारपत्रातच लिहिले होते. पण युरोपात युद्ध दाराशी आले होते आणि पॅरिसला अंकाराची मैत्री हवी होती. सीरियात या भागाला ‘हिरावलेला प्रांत’ म्हणत राहिले, आणि तिथले नकाशे पुढे कित्येक दशके तो आपल्यातच दाखवत.

शहरावर याचा परिणाम लगेच झाला. हजारो आर्मेनियन आणि अरब कुटुंबे सीमेपलीकडे गेली. मुसा डोंगरावरच्या आर्मेनियन गावांपैकी बहुतेकांनी लेबनॉनमधले अंजार गाठले. वकिफ्ली तेवढे मागे राहिले, तुर्कस्तानातले शेवटचे आर्मेनियन गाव म्हणून. ख्रिस्ती आणि ज्यू वस्ती पुढे दर पिढीला घटत गेली. तरीही चर्चमध्ये अरबी प्रार्थना आणि सिनेगॉगचे दार टिकून होते.

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसे गेली, आणि सर्वांत मोठा घाव हतायवर बसला. (भारतीय लष्कराने तात्पुरते रुग्णालय याच प्रांतातल्या इस्केंदेरुनला उभारले होते.) ऑर्थोडॉक्स चर्च कोसळले. हबीब-इ-नेज्जार मशीद, जिला अनातोलियातली सर्वांत जुनी मानतात, तीही ढासळली. ज्यू समाजाचे प्रमुख आणि त्यांच्या पत्नी ढिगाऱ्याखाली गेले, आणि सुमारे अडीच हजार वर्षांची ती वस्ती तिथेच थांबली. सिनेगॉगमधल्या तोराह या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या बाहेर काढण्यात आल्या. बरीच ख्रिस्ती कुटुंबे मेर्सिन शहराकडे निघून गेली. पेत्राची गुहा मात्र खडकातच असल्याने उभी राहिली.