डंब शराज: गुण मोजायचे की सेकंद?

डंब शराजमध्ये, म्हणजे न बोलता हावभावांतून चिठ्ठीवरचं नाव आपल्या गटाला ओळखायला लावायच्या खेळात, भांडण झालंच तर ते बहुतेक वेळा हिशेबावरून होतं. खेळ संपतो, कागदावर एका गटापुढे 290 आणि दुसऱ्यापुढे 600 लिहिलेलं असतं, आणि 600 वाले उड्या मारायला लागतात. पण ते आकडे सेकंदांचे असतील तर ते हरलेले असतात. या खेळाचा हिशेब ठेवायच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत चिठ्ठ्या असतात, घड्याळ असतं, शेवटी बेरीज असते. वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण दोन्ही पद्धती एकमेकींच्या अगदी उलट चालतात.

पहिली पद्धत वेळेची. एक भिडू पुढे येतो, एकच चिठ्ठी उचलतो, त्यावरचं नाव हावभावांतून सांगतो. त्याच्या गटाने नाव ओळखलं की घड्याळ थांबतं आणि लागलेले सेकंद त्या गटाच्या नावावर चढतात. कमाल मर्यादा बहुधा तीन मिनिटांची. तेवढ्या वेळात ओळखता आलं नाही, तर पूर्ण 180 सेकंद लिहायचे. शेवटी ज्याची बेरीज कमी, तो गट जिंकला. दुसरी पद्धत गुणांची. इथे वेळ आधीच ठरलेला असतो, समजा एक मिनिट, आणि त्यात जितक्या चिठ्ठ्या ओळखल्या तितके गुण. ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला.

आता हा सगळा फरक नुसता लिहिण्याचा आहे असं वाटेल, म्हणून एक उदाहरण घेतो. दोन गट, प्रत्येकी पाच चिठ्ठ्या, मर्यादा तीन मिनिटांची. पहिल्या गटाने चार चिठ्ठ्या झटपट ओळखल्या: 20, 25, 30 आणि 35 सेकंदांत. पाचवीला मात्र तो अडकला, म्हणजे 180. बेरीज 290. दुसऱ्या गटाने पाचही ओळखल्या, पण रेंगाळत: 100, 110, 120, 130, 140. बेरीज 600. वेळेच्या हिशेबाने पहिला गट 310 सेकंदांनी पुढे आहे, तेही एक चिठ्ठी साफ चुकून! हाच खेळ ओळखलेल्या चिठ्ठ्यांवर मोजला, तर दुसरा गट 5 विरुद्ध 4 असा जिंकतो. अभिनय तोच, अंदाज तेच, घड्याळही तेच, आणि विजेता मात्र बदलला. म्हणून मी पहिली चिठ्ठी उघडायच्या आत सगळ्यांना विचारून घेतो: मोठा आकडा चांगला की लहान? एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुढचा निम्मा वाद होत नाही.

वेळेच्या पद्धतीत मर्यादा किती ठेवायची, यालाही फार महत्त्व आहे, आणि तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मर्यादा म्हणजे न ओळखल्याचा दंड. ती तीन मिनिटांवरून दोनवर आणली, तर चुकलेल्या चिठ्ठीचा दंड 180 वरून 120 वर येतो, म्हणजे न ओळखणं स्वस्त होतं. वरच्या उदाहरणात तसं केलं तर पहिल्या गटाची बेरीज 230 होते. दुसऱ्या गटाच्या 130 आणि 140 वाल्या चिठ्ठ्या तर ओळखलेल्याच धरल्या जात नाहीत. त्या दोन्हींना 120 लागतात आणि बेरीज 570 वर थांबते. त्यामुळे खेळ अर्ध्यावर आल्यावर ‘चला, आता दोनच मिनिटं ठेवू’ असं कुणी म्हणालं, तर ठाम नकार द्यावा. पहिल्या अर्ध्या भागातल्या चुका महाग पडलेल्या असतात आणि नंतरच्या स्वस्त होतात, हे कुणावर तरी अन्यायाचं आहे.

गटात माणसं कमी-जास्त असली की दोन्ही पद्धतींची उलटी चाल स्पष्ट दिसते. समजा एका गटात पाच जण आहेत, दुसऱ्यात चार, आणि प्रत्येकाने एकदाच अभिनय केला. गुणांच्या पद्धतीत चार जणांच्या गटाला एक खेप कमी मिळाली, म्हणजे गुण मिळवायची एक संधी गेली. त्यांचं नुकसान झालं. वेळेच्या पद्धतीत त्याच गटाला एका खेपेचे सेकंद लिहावेच लागले नाहीत. त्यांचा आयता फायदा झाला. उपाय दोन्हीकडे एकच: लहान गटातल्या एकाने दोनदा उभं राहायचं. बेरजेऐवजी सरासरी काढूनही चालतं, पण रंगात आलेल्या खेळात भागाकार करत बसायला कुणालाच आवडत नाही.

चिठ्ठी सोडून द्यायची मुभा गुणांच्या पद्धतीतच शोभते. एका मिनिटात एखादा शब्द जमत नसेल तर तो बाजूला ठेवून पुढचा घेणं हा तिथला डावपेच आहे, कारण अडून बसलेला प्रत्येक सेकंद पुढच्या शब्दाचा असतो. वेळेच्या पद्धतीत दुसरी चिठ्ठी नसतेच. जी हातात आली ती शेवटपर्यंत लढवायची. न ओळखलेली चिठ्ठी समोरच्या गटाने ओळखून गुण घ्यायचा, हा नियमही तसाच. गुणांत तो बसतो. सेकंदांच्या बेरजेत समोरच्यांनी ओळखलं तर कुणाचे किती सेकंद कमी करायचे, याला काही आधारच राहत नाही.

यामुळे अभिनयाची रीतही बदलते. शब्द किती आहेत ते बोटांनी दाखवणं, कितवा शब्द ते सांगणं, अक्षरांची संख्या दाखवायला हातावर बोटं टेकवणं, ‘याच्यासारखा ऐकू येतो’ म्हणून कान ओढणं, या खुणांना काही सेकंद जातात. लांबलचक नाव असेल आणि वेळ मोजत असाल, तर ते सेकंद पुढे वाया जाणारा वेळ वाचवतात. एका मिनिटात सुटे शब्द ओळखायचे असतील तर तेवढ्या खुणांत एक शब्द निसटतो; तिथे थेट अभिनयाला भिडलेलं बरं. म्हणून मला विचाराल तर सिनेमा-नाटकांच्या लांब नावांसाठी वेळ मोजावा, आणि चिठ्ठीवर एकेकच शब्द असेल तेव्हा गुण. लहान मुलं खेळत असतील तर मात्र डोळे मिटून गुणच मोजावेत. ‘ओळखलं, एक गुण’ हे त्यांना लगेच कळतं आणि प्रत्येक चिठ्ठीला आनंद मिळतो.

अभिनय करणाऱ्याच्या तोंडून शब्द निघाला तर? गुणांत सोपं आहे, ती चिठ्ठी बाद. वेळेत दंडाचे सेकंद जोडावे लागतात, आणि किती ते आधी ठरलेलं हवं. दहा सेकंद पुरेसे होतात असा माझा अनुभव आहे. सेकंद हवेत तिथे घड्याळ समोरच्या गटाच्या हाती द्यावं आणि चिठ्ठी उघडल्या क्षणी नव्हे, तर वाचून झाली अशी मान हलल्यावर सुरू करावं. कुणाचं अक्षर गिचमिड असेल तर त्याची शिक्षा अभिनय करणाऱ्याला का?

आणि एक अगदी साधी चूक, जी मी स्वतः केली आहे. एका खेपेला 1 मिनिट 45 सेकंद लागले, दुसरीला 2 मिनिटं 30 सेकंद. कागदावर 1.45 आणि 2.30 असं लिहिलं आणि घाईत बेरीज केली 3.75. खरी बेरीज 4 मिनिटं 15 सेकंद, म्हणजे 255 सेकंद. पण 3.75 ही ‘पावणेचार मिनिटं’ म्हणून वाचली गेली आणि तीस सेकंद हवेत विरले. तेव्हापासून मी मिनिटं लिहीतच नाही, 105 आणि 150 असे सरळ सेकंदच लिहितो.

बरोबरी गुणांच्या पद्धतीत वारंवार होते, कारण आकडे लहान असतात. सेकंदांत ती क्वचितच. तेव्हा गुण सारखे झाले तर दोन्ही गटांतून एकेक भिडू पुढे बोलवावा, दोघांना एकच चिठ्ठी दाखवावी आणि एकदमच अभिनय करू द्यावा. ज्याच्या गटाने आधी ओळखलं, तो जिंकला.