बंदिस्त की चराई: सोलापुरातील संकरित कोकरांच्या वादाची पार्श्वभूमी

सांगोला, मंगळवेढा, माढा पट्ट्यात बंदिस्त मेंढीपालनाच्या शेडची सध्या चलती आहे. शेडमधले संकरित कोकरू सहा महिन्यांत किती किलो भरते, या एकाच आकड्यावर बहुतेक वाद रंगतात. हा आकडा मूळ धरून बसला तो 1971 नंतर.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. इथली मूळची दख्खनी मेंढी रानोमाळ चालणारी. काळी-करडी लोकर घोंगडीला, लेंडीखत शेताला आणि नर खाटकाला, असा हिशेब होता. मेंढ्या रानात गेल्या की कोकरे वाड्यावर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात राहत. बाभळीच्या शेंगा आणि तोडून आणलेला पाला हाच त्यांचा खुराक.

1971 मध्ये देशपातळीवर मेंढी सुधारणेची योजना सुरू झाली. सहा महिन्यांत 30 किलोचे कोकरू हे मांसासाठीचे लक्ष्य ठरले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढ्यांवर डॉरसेट आणि मेरिनो या विदेशी जातींचे नर सोडले गेले. कोकरू साधारण तीन महिन्यांचे झाले की आईपासून तोडायचे, पुढचे तीन महिने दावणीला मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, कोंडा, खनिज मिश्रण आणि चारा द्यायचा, अशी त्या काळची चाचणीची रीत. अशा खुराकावर संकरित कोकरू दख्खनीच्या पुढे जाते, यात शंका नाही. प्रश्न असा की यातली किती वाढ बापाची आणि किती भरड्याची?

उघड्या माळावर हे अंतर आक्रसते. मोठ्या अंगाच्या जनावराला नुसते जगायलाच जास्त चारा लागतो. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मार्च ते जूनचा चारा तेवढा पुरत नाही. त्यात रोजची पायपीट, वर चाळिशी ओलांडणारे ऊन. खाल्लेल्यातले बरेचसे चालण्यात आणि अंग थंड ठेवण्यात जाते, मांसाला उरते थोडे. तरीही मेंढपाळांना संकरित नर वाटायचे ठरवताना वजन धरले गेले ते शेडमधले. चराईतले आणि दावणीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून मगच नर द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंढपाळ अडाणी म्हणून संकर नाकारतो, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. पण त्याच्याकडे दावण नव्हती, भरड्याला पैसा नव्हता आणि मऊ पांढरी लोकर घोंगडीवाल्याला नको होती.

पुढे संकराची दिशाच बदलली. फलटणला सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला गेला. कोकरांची संख्या वाढली, पण जुळे जन्मतःच हलके असते आणि आईचे दूध दोघांत वाटले जाते, त्यामुळे खुराकाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. सोलापूरच्या सीमेवर मात्र मेंढपाळांनी आपल्या मनाने जत तालुक्यातला माडग्याळी नर निवडला. उंच, पोपटनाक्या, पायाने दणकट. अलीकडे जत-आटपाडी भागात अशा नरांना लाखांच्या बोली लागल्या. आज इथे संकरित म्हणून विकले जाणारे कोकरू बरेचदा हेच असते.

सध्या मधला मार्ग जास्त दिसतो: सकाळी चराई, दुपारनंतर कडब्याची कुट्टी, तुरीचे भुसकट आणि मूठ-दोन मूठ भरडा. भरडा हळूहळू वाढवावा लागतो. एकदम वाढवला आणि लस दिलेली नसेल, तर आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाने) सगळ्यात दणकट कोकरू आधी जाते. नराला पेंड-कोंडा जास्त झाला तर मुतखड्याची भीती वेगळीच.

बाजाराचेही गणित आहे. आठवडी बाजारात व्यापारी काट्यावर वजन करतोच असे नाही. पाठीच्या कण्यावर बोटे दाबून अंदाज घेतो आणि नगावर भाव फोडतो. बकरी ईदचे गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघते. सहा महिन्यांत भरलेल्या कोकराला दोन पक्के दात आलेले नसतात, म्हणून ईदचा भाव हवा असेल तर ते आणखी काही महिने सांभाळावे लागते आणि तेवढ्या महिन्यांचा भरडा पुन्हा पदरचाच.