टेबलावरचा इंच: मिनिएचर युद्धखेळांतल्या मापांची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात प्लायवूड घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "आठ बाय चार ना? किती एमएम?" लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. मिनिएचर युद्धखेळाचं, म्हणजे छोटे शिपाई टेबलावर सरकवून लढाई खेळण्याच्या खेळाचं, सहा बाय चार फुटांचं टेबल याच फळीतून निघतं. त्यावरचा खेळही असाच दुहेरी मापांत चालतो: चाल आणि मारा इंचांत, शिपायाची उंची आणि त्याच्या पायाखालचा बेस मिलिमीटरमध्ये. नवीन मुलं हमखास विचारतात, शाळेत सगळं सेंटिमीटरमध्ये शिकवलं, मग इथे इंच कशाला? प्रश्न रास्त आहे.

युद्धखेळाचा उगम प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या एका जुन्या राज्याच्या, लष्करी शिक्षणात आहे. राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांसाठी जो खेळ प्रसिद्ध केला, तो १:८००० प्रमाणाच्या नकाशावर ठोकळे सरकवून खेळायचा होता आणि अंतरं पावलांत मोजली जात. त्यात इंच मुख्य नव्हता. इंच आला इंग्लंडमधून. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात शिशाच्या खेळण्यांतल्या शिपायांसाठी नियम लिहिले. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट. मोजायला प्रत्येक खेळाडूकडे दोऱ्याचे दोन तुकडे, एक दोन फुटांचा आणि एक सहा इंचांचा. घरातली जमीन हेच रणांगण असल्यामुळे मापंही घरातलीच आली.

पुढे अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं वठवून खेळायचा कल्पनारम्य खेळ निघाला. त्यातही चाल इंचांतच लिहिलेली होती. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर दहा यार्ड. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' हा मिनिएचर युद्धखेळ आला, तोही इंचांतच. तोवर ब्रिटनमध्ये मेट्रिकीकरण सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्याकडे तर १९५६ चा वजन-मापांचा कायदा होऊन, १९६२ पर्यंत जुनी मापं व्यवहारातून हटवायचं ठरलं होतं. तरी शिंपी छाती इंचांतच घेतो आणि आपण आपली उंची फुटांतच सांगतो.

मग शिपाई मिलिमीटरमध्ये का? याचं मूळ युरोपात आहे. न्यूरेंबर्गच्या चपट्या कथिली शिपायांचं ३० मिमी हे माप संग्राहकांत रूढ झालं होतं, आणि ब्रिटिश पोकळ शिशाचे शिपाईही पुढे ५४ मिमी म्हणूनच ओळखले गेले. युद्धखेळात आधी २५ मिमी आणि आता २८ मिमी चालतं. ही उंची काही जण तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. म्हणून एका कंपनीचा २८ मिमीचा शिपाई दुसरीच्या शेजारी दांडगा दिसतो. १:७२ हे मेट्रिक वाटणारं प्रमाण मात्र मुळात एक इंचाला सहा फूट असंच आहे. आणि ब्रिटिश ओओ रेल्वे मॉडेलचं प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर! दोन्ही पद्धती एकाच वाक्यात नांदतात.

इंच टिकला याचं सगळ्यात भक्कम कारण मात्र मला फाशात दिसतं. सहा बाजूंच्या फाशावर पडलं तेवढे इंच चाला, हा नियम टेबलावर जिवंत वाटतो: एक पडला तर शिपाई जेमतेम आपल्या बेसइतका सरकतो (२५ मिमीचा बेस आणि २५.४ मिमीचा इंच जवळपास सारखेच), सहा पडले तर झाडीतून पार होतो. तेच सेंटिमीटरमध्ये केलं तर सहा पडूनही अडीच बेसही हलत नाही. चार, सहा, बारा, चोवीस असे आकडे तोंडी राहतात. त्यांच्याऐवजी सेंमीत १५, ३०, ६० आले तरी हरकत नाही, पण फासा त्यांना लगेच जुळत नाही.

सेंटिमीटरचे खेळही चांगले चालले. फ्रान्सच्या रॅकहॅमचा 'कॉन्फ्रंटेशन' आणि १९९७ चा 'एपिक ४०,०००' ही दोन उदाहरणं. न्यूझीलंडचा 'फ्लेम्स ऑफ वॉर' दोन्ही मापं शेजारी छापतो, १६ इंच आणि ४० सेंमी अशी. इंचाला अडीच सेंमी धरल्यामुळे चोवीस इंचांवर जवळपास एक सेंमीचा फरक पडतो. सहा मिमीचे इवलेसे शिपाई वापरणारे तर नियमातल्या इंचाच्या जागी सरळ सेंमी वाचतात आणि सहा बाय चार फुटांची लढाई ७२ बाय ४८ सेंमीत बसवतात. जागा नसलेल्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा.

शेवटी टेबलावरचा इंच हा खरा इंच नसतोच. २८ मिमीचा शिपाई साधारण १:६० धरला, तर मस्केटचा, म्हणजे जुन्या लांब नळीच्या बंदुकीचा, १०० यार्डांचा मारा टेबलावर दीड मीटर होईल, म्हणजे रुंदी ओलांडून बाहेर. म्हणून जमिनीचं प्रमाण वेगळं धरावं लागतं. ग्वाल्हेरजवळ २९ डिसेंबर १८४३ ला इंग्रज आणि शिंद्यांच्या फौजेत झालेली महाराजपूरची लढाई मांडायची असेल, तर इंग्रजी वर्णनं यार्ड-मैलांत असल्यामुळे एक इंचाला ५० यार्ड सोयीचं पडतं: सहा फुटांत ३,६०० यार्ड, दोन मैलांहून थोडं जास्त. सेंमीला २० मीटर धरलं तर १८० सेंमीत ३.६ किलोमीटर येतात. त्याच दिवशी पनिहारला झालेल्या लढाईसाठी मात्र दुसरं टेबल लागेल.